जिन्याखालून आलेलं आमेन

टाचणीबाईला खऱ्या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि तेही फक्त चिडल्यावर. ते माणूस म्हणजे तिचा नवरा. बसवर ड्रायव्हर म्हणून अख्खी नोकरी काढून तो आता घरी बसला होता आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीला हॉर्न देत होता. बाकी सगळ्यांची ती टाचणीबाई. दोन दुकानांच्या मधल्या बोळकांडीत तिचं शिलाई मशीन होतं. तिथे ती पॅन्ट आखूड करायची, चेन बदलायची, पोट सुटलेल्या माणसांचे कोट उसवून त्यांना पुन्हा श्वास घेता येईल इतके सैल करून द्यायची. नवा कपडा तिने कधी शिवायला घेतला नाही. "नवं शिवणारे ढीगभर आहेत, बिघडलेलं कोण निस्तरणार?" असं ती म्हणायची. गळ्याशी ओळीने टाचण्या खोचलेल्या असायच्या, आणि त्या काढायचं भान तिला रविवारी चर्चमध्येही राहायचं नाही. उपासनेनंतर तिला प्रेमाने मिठी मारायला गेलेल्या बायका "आई गं!" करत मागे सरायच्या.

त्या चर्चमध्ये बायकांना सगळं काही करायची मोकळीक होती. फरशी पुसा, फुलं मांडा, मुलांना गाणी शिकवा, चहा करा, आजाऱ्याच्या उशाशी बसून डोळ्यांत तेल घालून जागा, कुणी नाही म्हणत नसे. फक्त वेदीपाशी उभं राहायचं नाही. तसा नियम कुठे होता म्हणाल, तर कुठेच नव्हता. उलट वरच्या परिषदेने केव्हाच कळवून टाकलं होतं की मंडळीची वडील म्हणून बाईला निवडायला काही हरकत नाही. वडील म्हणजे मंडळीतून निवडलेली, पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, खालोखाल मान असलेली माणसं. परिषदेचं म्हणणं सगळ्यांनी मोठ्या आदराने ऐकून घेतलं आणि तितक्याच आदराने गुंडाळून ठेवलं. आईला कधी कुणी वडील म्हणतं का, असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे पोट धरून हसायचे.

टाचणीबाईही हसायची. ते हसू खोटं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिला वडील व्हायचं होतं. मनापासून व्हायचं होतं. लहानपणी आई तिला चर्च झाडायला बरोबर न्यायची, तेव्हा आईची पाठ वळली की ही पोरगी वेदीमागे उभी राहून रिकाम्या बाकांकडे बघायची. एकदा आईने पाहिलं आणि कान असा पिळला की दोन दिवस लाल होता. तेव्हापासून ती इच्छा तिने पोटातच ठेवली. नवऱ्यालाही सांगितली नाही, कारण त्याने उठता-बसता त्यावरून हॉर्न दिला असता.

आता हेडसरांकडे वळू. हेडसर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक आणि मंडळीतले सगळ्यांत जुने वडील. पाळक महिन्याच्या पहिल्या रविवारीच यायचे. त्यांच्या गळ्यात तीन मंडळ्या होत्या, त्यामुळे ते यायचे तेच घड्याळाकडे बघत. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून घ्यायची, भाकर आणि प्याला आशीर्वाद मागून वाटायचे आणि मोटारसायकलला किक मारून पुढच्या मंडळीकडे पळायचे. मागे राहिलेली भाकर आणि द्राक्षरस एका लहान लाकडी पेटीत घालून अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी न्यायचं काम हेडसरांचं. वडिलांनी ते आपल्या हाताने द्यायचं, ही रीत. घरात आजारी बाई असली तर बरोबर एक बाई हवी, म्हणून टाचणीबाईने पेटी धरून मागे चालायचं, ही दुसरी रीत.

दोन्ही रीती गुण्यागोविंदाने नांदत होत्या. मग हेडसरांचे गुडघे आडवे आले.

त्यांच्या यादीत एक म्हातारी होती. तिला सगळे टेलिफोनवाली म्हणत. जुन्या टेलिफोन ऑफिसात ती ऑपरेटर होती, आणि तिच्या काळातली निम्मीअधिक भांडणं आणि सोयरिकी तिच्या कानावरून गेल्या होत्या. आता ती एका अंगाने लुळी पडली होती, आणि राहायची चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, भाचीबरोबर. आधी हेडसर कण्हत-कुंथत चौथ्यापर्यंत जायचे. मग दुसऱ्यापर्यंत. एका रविवारी ते जिन्याच्या तळाशीच थांबले, वर बघितलं, आणि वॉचमनच्या खुर्चीत मटकन बसले.

"बाई, तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "मी इथून प्रार्थना करतो. माझं आमेन ऐकू आलं की द्या. हात तुमचा असला तरी माझाच समजा."

"पण सर, चालेल का असं?"

"मी कुणाला सांगायला जाणार नाही. आणि देवाला तर माझे गुडघे ठाऊकच आहेत."

झालं. त्या दिवसापासून ही नवी रीत पडली. हेडसरांचा आवाज भरलेलं मैदान गप्प करायला तयार झालेला होता. तो जिन्यातून घुमत वर जायचा. दुसऱ्या मजल्यावरचे लोक तेवढ्यापुरता टीव्ही बंद करायचे. टाचणीबाई चौथ्या मजल्यावर दाराशी पेटी धरून, कान देऊन उभी राहायची. आमेन ऐकू आलं की आत. पाण्याची मोटर चालू असली की पंचाईत व्हायची, मग ती कठड्यावरून वाकून "झालं का सर?" असं ओरडायची, आणि खालून "कधीचंच!" असं उत्तर यायचं.

नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो हसून हसून खोकायला लागला. "म्हणजे गाडी तू चालवायची आणि लायसन त्यांचं! बसमध्ये असं केलं असतं ना, तर मला घरी बसवलं असतं."

"तुम्ही घरीच बसलाय," ती म्हणाली आणि विषय संपवला. पण बोलणं तिला लागलं, कारण ते खरं होतं.

यादीतल्या बाकीच्या घरांनाही जिने होते आणि गुडघे दिवसेंदिवस वाईटच होत होते. होता होता हेडसर सगळीकडेच खाली बसायला लागले. वर काय व्हायचं ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. माणसं अंथरुणात पडून महिनाभर कुणाची तरी वाट बघत असायची. भाकर घेण्याआधी त्यांना बोलायचं असायचं. एका म्हाताऱ्याला भावाशी धरलेला अबोला टोचत होता. एकीला आपण मरत का नाही याचा राग येत होता, आणि तो राग देवाला सांगितला तर चालेल का, हे विचारायचं होतं. टाचणीबाई ऐकायची. खालून आमेन आलेलं असलं तरी तिला वाटायचं, या माणसाचं तर यात काहीच आलं नाही. म्हणून ती स्वतःच्या शब्दांत आणखी एक प्रार्थना करायची. तिला मोठे शब्द यायचे नाहीत. "देवा, हिला राग आलाय, आणि तो खरा आहे, तू हिच्याजवळच बस," असलं काहीतरी म्हणायची. लोक रडायचे, कधी हसायचे, आणि मग भाकर घ्यायचे. खाली उतरल्यावर हेडसर विचारायचे, "एवढा वेळ?" आणि ती म्हणायची, "जिना मोठा आहे सर."

अशी कित्येक वर्षं गेली. मग हेडसरांनी मुलीकडे राहायला जायचं ठरवलं. मंडळीने निरोपाचा कार्यक्रम केला. भाषणं झाली, आणि शेवटी हेडसर उभे राहिले. चांगल्या मनाचा माणूस, पण आयुष्यभर बक्षीस समारंभात भाषणं केलेली, त्यामुळे कुणाचं कौतुक केल्याशिवाय त्यांना खाली बसवेना.

"माझ्या सेवेचं श्रेय खरं तर टाचणीबाईंचं," ते म्हणाले. "मी गेली कित्येक वर्षं एकही जिना चढलेलो नाही. मी खाली वॉचमनच्या खुर्चीत बसायचो. प्रभुभोजन द्यायच्या त्या!"

ते टाळ्यांची वाट बघत थांबले. टाळी एकही वाजली नाही. मागच्या बाकावरच्या टाचणीबाईकडे सगळ्या माना वळल्या.

नंतर चहा गार होईपर्यंत एकच विषय चालला. ते प्रभुभोजन लागू झालं की नाही? एकजण म्हणाला, भाकर तर पाळकांनीच आशीर्वादित केलेली, मग हात कुणाचा का असेना. दुसरा म्हणाला, असं असेल तर वडील हवेत कशाला, कुरिअरने पाठवा. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी नाक मुरडून सांगितलं की आपण बायकांनी आपली पायरी ओळखून राहावं. पाळकांना फोन लावला तर त्यांनी सांगितलं, मंडळीतल्या वडिलांच्या समितीने प्रार्थनापूर्वक ठरवावं. त्यांना कुणाचंच मन मोडायचं नव्हतं, त्यामुळे त्यांनी कुणाचंच मन राखलं नाही. शेवटी समितीने ठरवलं की हेडसरांच्या जागी दातांचे डॉक्टर वडील होतील, आणि यादीतल्या सगळ्यांना ते पुन्हा एकदा रीतसर प्रभुभोजन देऊन येतील. टाचणीबाईने आता विश्रांती घ्यावी.

हेडसर तिला दाराशी गाठून म्हणाले, "बाई, मी चांगलं करायला गेलो हो."

"सर, इतकी वर्षं गप्प बसलात," ती म्हणाली, "अजून अर्धा तास बसला असतात तर काय बिघडलं असतं?" एवढं बोलून तिला रडू आलं, आणि त्यांनाही.

डॉक्टर तसे भले गृहस्थ. तरुण, टापटिपीचे, कुणाला वाकडं न बोलणारे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, पाळक येऊन गेल्यावर, ते पेटी घेऊन निघाले. बाकीच्या घरी कसंबसं पार पडलं, पण चौथ्या मजल्यावर गाडी अडली. टेलिफोनवालीची कवळी याच डॉक्टरांनी केली होती आणि ती पहिल्या दिवसापासून टोचत होती. डॉक्टरांना बघताच म्हातारीने तोंड घट्ट मिटलं. त्यांना वाटलं, कवळीचा राग आहे. म्हणून त्यांनी तिच्या कानाशी वाकून समजावून सांगितलं की आज दातांचं काही नाही. आधीचं प्रभुभोजन रीतीप्रमाणे झालेलं नव्हतं, तेवढं नीट करून घ्यायचं आहे.

म्हातारीने तोंड उघडलं ते एवढंच विचारायला. "मग इतकी वर्षं मी काय खाल्लं?"

एवढं विचारून तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

दोन दिवसांनी भाची बोळकांडीत टाचणीबाईच्या मशीनपाशी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. "मावशी, आत्या धड जेवत नाहीये. भिंतीकडे तोंड करून पडते. म्हणते, मला देवाने इतकी वर्षं जेवायला वाढलंच नव्हतं, आणि मी वेडी पोट भरलं म्हणत होते. दवाखान्यातले म्हणतात, आता फार दिवस नाहीत."

टाचणीबाईने मशीनवरून पाय काढला. हातातला कोट तसाच टाकला. समितीचा शब्द मोडला तर उरलंसुरलं कामही जाणार, हे तिला कळत होतं. मुलांचा वर्ग जाणार, कुणाच्या उशाशी बसणं जाणार, आणि वडील व्हायचं तर नावच नको. पण एक बाई भिंतीकडे तोंड करून, आपण देवाच्या घरी उपाशी राहिलो असं समजून मरणार होती. टाचणीबाईला ते सहन होईना. ती तशीच उठली आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली, कारण पेटी, आणि तीत म्हातारीच्या वाट्याची राहिलेली भाकर, त्यांच्याकडे होती.

डॉक्टर एका माणसाच्या तोंडात हात घालून उभे होते. ती दारातूनच म्हणाली, "डॉक्टर, टेलिफोनवाल्या ताई चालल्यात. पेटी घ्या आणि चला."

"मी गेलो होतो हो. त्यांनी तोंड नाही उघडलं."

"मी बरोबर येते."

डॉक्टर क्षणभर घुटमळले. समितीने काय ठरवलंय हे त्यांनाही आठवत होतं. पण खुर्चीतल्या माणसाने तोंड उघडं ठेवूनच 'जा जा' असा हात केला, आणि डॉक्टरांनी हातमोजे काढले.

चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत डॉक्टरांना धाप लागली. टाचणीबाईचे पाय जिन्याला सरावलेले होते. खोलीत औषधांचा वास होता. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. टाचणीबाई पलंगाच्या पलीकडे, भिंतीच्या आणि तिच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अंग चोरून बसली.

"ताई, मी आलेय."

"आलीस?" म्हातारीचा आवाज कापसासारखा मऊ झाला होता. "मला खरं सांग. ते खरं होतं का गं?"

टाचणीबाईच्या तोंडाशी सोपं उत्तर आलं होतं. "ताई, मी हेडसरांच्या आमेनशिवाय कधी आत पाऊल टाकलं नाही. जिन्यातून ऐकू यायचं की तुम्हाला."

"मला?" म्हातारी चिडली, आणि चिडल्यावर तिच्या अंगात जरा जीव आला. "अगं, जन्मभर हेडफोन लावून माझे कान गेलेत. हे इतकं जवळून बोलतेस म्हणून ऐकू येतं. मला कसलं आलंय खालचं आमेन! मी तुझंच ऐकत होते. तू माझ्यासाठी जे मागायचीस ते. आता हा डॉक्टर म्हणतो ते लागू नव्हतं. मग ते तुझं होतं का त्यांचं होतं, तेवढं सांग आणि मला मोकळी कर."

पलंगाच्या पायथ्याशी डॉक्टर उभे होते, दाराशी भाची. टाचणीबाईने आयुष्यभर ही गोष्ट पोटात दाबली होती, आणि आता ती सांगायची पाळी आली ती समितीच्या माणसासमोर.

"माझं होतं ताई," ती म्हणाली. "मी दिलं. हात माझा होता आणि प्रार्थनाही माझी होती. सर चांगले आहेत, पण ते खाली होते. तुमच्याजवळ मी होते. ते खरं होतं."

म्हातारीने डोळे मिटले. कानाजवळून एक थेंब उशीवर ओघळला. "मग दे," ती म्हणाली.

डॉक्टर पुढे झाले. त्यांना सगळ्यांचं भलं करायचं होतं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "असं करू या का, प्रार्थना मी करतो, तुम्ही द्या. हात तुमचा असला तरी..."

"नाही डॉक्टर." टाचणीबाईला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "तुम्ही द्यायचं असेल तर तुम्ही द्या, मी बाहेर उभी राहते. मी द्यायचं असेल तर मी देईन. पण माझा हात आता दुसऱ्या कुणाचा समजायचा नाही. फार झालं ते."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग म्हातारीकडे. समितीला काय सांगायचं, पाळक काय म्हणतील, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी त्यांनी पेटी स्टुलावर ठेवली, झाकण उघडलं आणि ते दोन पावलं मागे सरले.

टाचणीबाईने प्रार्थना केली. "देवा, ही तुझ्याच घरी जेवत होती. कुणीतरी हिला उगाच उठवलं. हिला पुन्हा पानावर बसव." एवढीच. मग तिने भाकरीचा लहानसा तुकडा द्राक्षरसात भिजवला, कारण कोरडं आता म्हातारीला गिळवत नव्हतं, आणि 'हे ख्रिस्ताचं शरीर, तुमच्यासाठी दिलेलं' असं म्हणत तिच्या जिभेवर ठेवला. म्हातारीने तो बराच वेळ तोंडात घोळवला. गिळला. आणि मोठ्याने, भाची दचकली इतक्या मोठ्याने, आमेन म्हणाली.

टाचणीबाई पेटी आवरायला वळली, तर डॉक्टर तिच्यासमोर उभे. बूट त्यांनी केव्हा काढून ठेवले कुणास ठाऊक. मान खाली होती आणि दोन्ही हातांची ओंजळ तिच्यापुढे धरली होती.

तिला आधी काही उमजेना. आजवर तिने दिलं होतं ते अंथरुणातल्या माणसांना, ज्यांच्यापर्यंत दुसरं कुणी चढून येत नव्हतं त्यांना. दोन पायांवर धडधाकट उभ्या असलेल्या माणसाने तिच्यापुढे हात पसरायची ही पहिलीच वेळ. हा माणूस हवं तेव्हा, हव्या त्या हातून घेऊ शकत होता, आणि तरी तो तिच्यासमोर उभा होता. तिने पेटीतून तुकडा उचलला. तिने तुकडा त्यांच्या ओंजळीत ठेवला आणि नेहमीचे शब्दच तिला सुचेनात.

"म्हण की काय म्हणायचं ते," पलंगावरून म्हातारी म्हणाली. "खोळंबलाय तो."

टाचणीबाईने डोळे पुसले आणि म्हटलं.